शब्दचर्चा : इरेला घालणे, भरीस पडणे आणि ‘त्याच्या हातून घडलं’ (निमित्त : मॅकबेथ)

प्रश्न

माझी भाची अकरावीत आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वर तिला मराठीत निबंध लिहायचा आहे. तिचं पहिलंच वाक्य असं : ‘लेडी मॅकबेथने मॅकबेथला मॅनिप्युलेट केलं आणि त्याच्या हातून राजाचा खून झाला.’ मी म्हटलं, मॅनिप्युलेटला मराठी शब्द शोध. कोशात ‘हाताळणे’ मिळालं. हाताळतो आपण काचसामान, भाजी, फार तर एखादं नाजूक प्रकरण. नवऱ्याला खुनापर्यंत नेणं म्हणजे काही हाताळणं नव्हे. मग आम्ही दोघींनी वहीच्या मागच्या पानावर आठवतील ते शब्द लिहून काढले : फूस लावणे, कान भरणे, फितवणे, चिथावणे, नादी लावणे, भुलवणे, पढवणे, भरीस घालणे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे, वापरून घेणे. पान भरत आलं. यातला नेमका कुठला?

दुसरी अडचण ‘महत्त्वाकांक्षा’ची. शाळेत असताना तिच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी ‘महत्त्वाकांक्षी मुलगी’ असा शेरा लिहिला होता, कौतुकाने. तोच शब्द खुन्याला कसा लावायचा, असं ती विचारते. मला उत्तर देता आलं नाही.

प्रतिसाद

ताई, यादी छान आहे, पण यातले बरेचसे शब्द इथे बसत नाहीत.

कान भरायला तिसरं माणूस लागतं, ज्याच्याविषयी वाईटसाईट सांगायचं. शेक्सपिअरच्याच ‘ऑथेल्लो’ नाटकात ऑथेल्लोचे कान इआगो भरतो, ते कान भरणंच. फितवायला दोन पक्ष लागतात. फूस लावली म्हटलं की जिला किंवा ज्याला लावली ते अजाण, असं आपण धरून चालतो. मॅकबेथ तर लढाई जिंकून आलेला सरदार आहे. हरभऱ्याच्या झाडावर चढवतात ते स्तुती करून. लेडी मॅकबेथ त्या प्रसंगी स्तुतीचा एक शब्द बोलत नाही, उलट डिवचते.

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश काढून वाचा. आत राजा डंकन जेवायला बसला आहे. मॅकबेथ बाहेर येऊन बायकोला सांगतो की या कामात आता पुढे जायचं नाही, राजाने नुकताच माझा मान केलाय. त्यावर ती म्हणते (अनुवाद माझा) : ‘हे करायची हिंमत होती तेव्हा तू मर्द होतास.’ याला मराठीत नेमका शब्द आहे : इरेला घालणे. विहिरीच्या काठावर पोरं जमतात, एक जण कचरत उभा असतो आणि दुसरा म्हणतो, ‘आहे का दम? मग मार की उडी!’ ते इरेला घालणं. त्यात लालूच दाखवत नाहीत, खोटंही बोलत नाहीत. समोरच्याच्या मर्दपणावर बोट ठेवतात, आणि तेवढं पुरतं.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण मला या शब्दांच्या जोड्यांकडे लक्ष वेधायचं आहे.

इरेला घालणे – इरेस पेटणे. भरीस घालणे – भरीस पडणे. नादी लावणे – नादी लागणे. मराठीने प्रत्येक वेळी दोन क्रियापदं ठेवली आहेत आणि दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता तो स्वतः आहे. ‘तो नादी लागला’ या वाक्यात लावणाऱ्याचं नावसुद्धा नाही. आजी म्हणायची, ‘त्याने घातलं भरीस, पण तू का पडलास?’ या एका वाक्यात दोघांची जबाबदारी वेगवेगळी मोजलेली आहे, आणि एकाची वाढली म्हणून दुसऱ्याची कमी झालेली नाही. ‘मॅनिप्युलेट केलं’ म्हटलं की ज्याला केलं तो नुसता कर्म होऊन बसतो. भाचीचं वाक्य मला तिथे खटकलं.

नाटकातला पुरावा तर अगदी उघड आहे. चेटकिणी मॅकबेथला सांगतात की तू कॉडरचा सरदार होशील, पुढे राजा होशील. ‘खून कर’ असं त्या म्हणत नाहीत. खून हा शब्द त्या भविष्याला जोडतो मॅकबेथच, स्वतःशी बोलताना, तिसऱ्याच प्रवेशात. बायकोची अजून गाठही पडलेली नाही. पुढे तीही त्याला ऐकवते की हा बेत माझ्यापुढे आधी तूच मांडलास. म्हणजे इरेला घातलं हे खरं, पण ईर आधीपासून होती.

प्रतिसाद

वकिली करतो, म्हणून थोडक्यात. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १०७ मध्ये जे होतं त्याला कायद्याच्या मराठीत ‘अपप्रेरणा’ म्हणतात. चिथावणी देणं, कटात सामील होणं आणि साहाय्य करणं हे तिन्ही त्यात येतं. लेडी मॅकबेथ तिन्ही करते. पहारेकऱ्यांना दारू पाजून झोपवते आणि खंजीर परत त्यांच्याजवळ नेऊन ठेवते. पण अपप्रेरणा सिद्ध झाली म्हणून प्रत्यक्ष खून करणारा सुटत नाही. निबंधात ‘अपप्रेरणा’ घालू नका, फार कोरडा शब्द आहे. ‘चिथावणी’ चालेल.

प्रतिसाद

महत्त्वाकांक्षेविषयी.

इंग्रजी ‘ॲम्बिशन’ लॅटिनमधून आला. रोममध्ये पद मिळवू पाहणारे उमेदवार मतं मागत लोकांमध्ये फिरत, त्या ‘फिरण्या’वरून. त्यामुळे त्या शब्दाला पहिल्यापासून हावरेपणाचा वास आहे. आपला शब्द महत्त्व आणि आकांक्षा मिळून झालेला, म्हणजे मोठं होण्याची इच्छा. त्यात वाईट काही नाही. आज तर ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ही असतात. बाईंचा शेरा योग्यच होता.

आता नाटकात ‘ॲम्बिशन’ कुठे कुठे येतो ते पाहा. मला तीन जागा महत्त्वाच्या वाटतात आणि तिन्हींचा रंग वेगळा आहे.

पहिली जागा लेडी मॅकबेथ नवऱ्याचं पत्र वाचते त्या प्रवेशात. लेडी मॅकबेथ नवऱ्याविषयी म्हणते की तुला मोठं व्हायचं आहे, महत्त्वाकांक्षा तुझ्यात नाही असं नाही, पण तिच्याबरोबर लागणारा ‘इलनेस’ तुझ्यात नाही. हा ‘इलनेस’ म्हणजे आजार नव्हे, दुष्टावा. म्हणजे तिच्याही मते महत्त्वाकांक्षा आणि दुष्टावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे आपला ‘महत्त्वाकांक्षा’ चपखल बसतो.

दुसरी जागा मॅकबेथच्या स्वगतात. माझ्या बेताच्या घोड्याला मारायला माझ्याकडे टाच नाही, आहे ती फक्त उसळणारी महत्त्वाकांक्षा, जी जरुरीपेक्षा उंच उडी घेते आणि पलीकडे जाऊन आदळते. खोगिरावर बसायला म्हणून उडी मारावी आणि घोड्याच्या दुसऱ्या अंगाला पडावं, असं ते चित्र आहे. खुनाच्या आधीच त्याला आपलं पडणं दिसतं आहे! जो फसला त्याला हे दिसलं नसतं. इथे मी ‘हव्यास’ लिहीन. हव्यासात ‘कळतं पण सुटत नाही’ हे आपोआप येतं.

तिसरी जागा खुनानंतर. डंकनचे मुलगे पळून गेलेत, बापाला त्यांनीच मारवलं असा संशय आहे, आणि रॉस नावाचा सरदार म्हणतो की स्वतःच्या जगण्याचा आधारच गिळून टाकणारी ही ॲम्बिशन. इथे सरळ ‘हाव’.

एकच इंग्रजी शब्द, मराठीत तीन. भाचीने एकच घट्ट धरून ठेवायची गरज नाही.

आणखी एक, कारण मला ते फार मोलाचं वाटतं. शेक्सपिअरने ही गोष्ट हॉलिनशेड या इंग्रज इतिहासकाराच्या बखरीतून घेतली. त्या बखरीत ‘फार महत्त्वाकांक्षी’ हे विशेषण बायकोला लावलेलं आहे : राणी म्हणवून घेण्याच्या इच्छेने ती जळत होती, असं. नाटकात तीच बायको तो शब्द नवऱ्याच्या पदरात टाकते.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मावशी, मग माझ्या वाक्यातलं “हातून” पण चुकलं का?’ मला आधी कळेना, मग लक्षात आलं. ‘त्याच्या हातून खून झाला’ हे आपण किती सहज म्हणतो. माझ्याकडून कप फुटला, माझ्या हातून चूक घडली. ‘मी फोडला’, ‘मी केली’ म्हणायला जीभ रेटत नाही.

प्रतिसाद

भाचीला शाबासकी द्या. हे व्याकरण या नाटकाच्या पार गाभ्यात शिरतं.

खून करून मॅकबेथ बाहेर येतो तेव्हा म्हणतो, ‘मी ते कृत्य केलं.’ सरळ कर्तरी वाक्य. कर्ता मी, क्रियापद केलं. पण पुढे, मेजवानीच्या प्रवेशात, त्याचा जोडीदार सरदार बॅन्को याचं भूत त्याच्याच आसनावर येऊन बसतं. त्याला मारायला मॅकबेथने मारेकरी पाठवले होते. तिथे तो भुताला ओरडून सांगतो, ‘मी केलं असं तू म्हणू शकत नाहीस!’ शब्दशः खरं आहे. त्याने केलं नाही, करवलं. आपण देवाला ‘करता करविता’ म्हणतो, दोन्ही कामं एकाच्या नावावर ठेवतो. मॅकबेथ ‘करविता’ झाला आणि ‘करता’ मी नव्हेच म्हणून सुटू पाहतो. भूत मान हलवत राहतं.

त्या मारेकऱ्यांना त्याने तयार कसं केलं तेही पाहा. आधी बॅन्कोविरुद्ध त्यांचे कान भरले. (वर म्हटलं ते तिसरं माणूस इथे सापडतं.) ते म्हणाले, आम्हीही माणसंच आहोत महाराज. यावर तो म्हणतो : हो, यादीत तुमची नोंद माणसं म्हणून होते खरी, जशी शिकारी आणि गावठी कुत्री सगळी ‘कुत्री’ याच नावाखाली येतात. म्हणजे बायकोने त्याला ज्या शब्दाने इरेला घातलं, त्याच शब्दाने (मर्द आणि माणूस, दोन्हीला इंग्रजीत ‘मॅन’च) तो दुसऱ्यांना घालतो. ज्याला नुसतं ‘वापरलं गेलं’, त्याला हे कसब इतक्या लवकर आलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आणि हात. ‘हातून’ हा शब्द मी निबंधात ठेवीन, पण तो लेडी मॅकबेथच्या झोपेत चालण्याच्या प्रवेशासाठी. खुनाच्या रात्री ती म्हणाली होती की थोडं पाणी लागलं की झालं, सुटलो. पाचव्या अंकात ती झोपेत हात चोळत राहते आणि डाग जात नाही. ज्यांच्या हातून घडलं ते हात तिने स्वतःच्या अंगाला जोडूनच ठेवले.

प्रतिसाद

मला एक हरकत नोंदवायची आहे. ‘इरेला घातलं’ म्हणा की ‘चिथावलं’, शेवटी बोट बाईकडेच जातं. आपल्याकडे ‘ध चा मा’ आहेच. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. राघोबादादांच्या हुकुमातलं ‘धरावे’ आनंदीबाईने ‘मारावे’ केलं, अशी दंतकथा. त्या दंतकथेने वाक्प्रचार दिला आणि तो रोज वापरताना आपण एका बाईला रोज दोषी ठरवतो. गारद्यांशी संधान कुणी बांधलं होतं, खुनाने पेशवाई कुणाला मिळाली, हे वाक्प्रचारात येत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र दोष राघोबादादांवर ठेवला आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. त्यांनी एका अक्षराची सबब चालू दिली नाही. मराठीत हाही वारसा आहे, तो त्या वाक्प्रचाराइतकाच वापरला जावा असं मनापासून वाटतं.

प्रतिसाद

हरकत रास्त आहे. म्हणूनच लेडी मॅकबेथशेजारी बॅन्कोला ठेवून पाहा. चेटकिणींचं भविष्य मॅकबेथ आणि बॅन्को दोघांनी एकाच वेळी, एकाच माळावर ऐकलं. बॅन्को तिथल्या तिथे सावध करतो की अंधाराची माणसं बारीकसारीक खरं सांगून विश्वास मिळवतात आणि मोठ्या गोष्टीत घात करतात. हॉलिनशेडच्या बखरीत बॅन्को कटात सामील आहे. नाटकात तसं नाही. स्कॉटलंडचा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला होता आणि त्याचं घराणं स्वतःला बॅन्कोचे वंशज मानत असे, हे त्यामागचं कारण असणार. पण त्या बदलाने नाटकाला मोजपट्टी मिळाली. तेच भविष्य कानावर पडूनही माणूस न पडता राहू शकतो.

प्रतिसाद

चेटकिणींवरून आठवलं. इंग्रजीत त्यांना ‘वीअर्ड सिस्टर्स’ म्हटलंय. आज ‘वीअर्ड’ म्हणजे विचित्र, पण जुन्या इंग्रजीत तो शब्द दैव या अर्थाचा. मग त्यांना ‘सटवाई’ म्हटलं तर?

प्रतिसाद

मोह होतो खरा, पण नको. सटवाई पाचवी-सहावीला बाळाच्या कपाळी लिहून जाते, ते पुसता येत नाही. बाळाला विचारत कुणी नाही. मॅकबेथ कपाळी लिहिलेलं भोगत नाही. ‘नशिबात राजा होणं असेल तर नशीबच मुकुट घालील, मला हलायचं कारण नाही’ असं तो स्वतः एकदा म्हणतो आणि त्याच रस्त्याने माघारी फिरायला त्याला मोकळीक असते. ‘सटवाई’ लिहिलंत की ती मोकळीक गेली.

त्यापेक्षा ‘करणी’ पाहा. करणी म्हणजे कृत्य, आणि करणी म्हणजे चेटूकही. ‘कुणीतरी करणी केली’ म्हणतो तेव्हा दोष बाहेरचा, आणि ‘जशी करणी तशी भरणी’ म्हणतो तेव्हा आपला. निबंधाच्या शीर्षकासाठी हा शब्द सुचवतो : ‘करणी कुणाची?’

प्रश्नकर्ती

शीर्षक तिने लगेच घेतलं. पहिलं वाक्य आता असं आहे : ‘लेडी मॅकबेथने मॅकबेथला इरेला घातलं. राजाचा खून मॅकबेथने केला.’ मधला ‘आणि’ तिने काढून टाकला, पूर्णविराम दिला. मी कारण विचारलं तर म्हणाली, ‘“आणि” ठेवला की पहिल्यामुळे दुसरं झालं असं वाटतं.’