१२ व्होल्टच्या बॅटरीवर ६ व्होल्टचा रेडिओ चालवायचा आहे, सर्किटसाठी मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. वावरातल्या टिनाच्या खोलीत बाबा रात्री जागलीला असतात. तिथे लाइन नाही. सोलर पॅनलवर चार्ज होणाऱ्या १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीवर एक दिवा चालतो. बाबांचा रेडिओ मात्र चार मोठ्या सेलवर, म्हणजे ६ व्होल्टवर. सेल मधेच उतरले की त्यांना रात्र जड जाते, म्हणून रेडिओ त्याच बॅटरीवर चालवायचा आहे.

नुसता रेझिस्टन्स लावणं मला पटत नाही. आवाज वाढवला की रेडिओ जास्त करंट ओढतो, मग रेझिस्टन्सवर जास्त व्होल्टेज पडून रेडिओला कमी मिळेल.

सीताबर्डीत विचारलं तर दुकानदार म्हणाले, एलएम २५९६ चं तयार बक मॉड्यूल (वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज कमी करणारं सर्किट) घ्या, फारसं गरम होत नाही. खरं आहे. पण ते १५० किलोहर्ट्झवर स्विच होतं, त्याचा चौथा हार्मोनिक, म्हणजे चौपट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, ६०० वर येतो, आणि नागपूर आकाशवाणीची मध्यम लहर ५८५ वर. बाबा तेच केंद्र ऐकतात. खरखर आली तर सगळा खटाटोप वाया.

म्हणून ७८०६ कडे, म्हणजे स्थिर ६ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटर आयसीकडे, कल आहे. मोठ्या आवाजात रेडिओ १२० मिलीअँपिअर घेतो. चार्जिंगच्या वेळी बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते, म्हणजे ८.४ गुणिले ०.१२, साधारण १ वॉट उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश, टिनाखाली त्याहून जास्त. हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लागेलच ना? कपॅसिटर कोणते? आणि मोबाइल चार्जिंगसाठी त्याच बॅटरीवर बक मॉड्यूल लावलं तर रेडिओला त्रास होईल का?

प्रतिसाद:

दादा, रेडिओसाठी ७८०६ च घ्या. हीट सिंकशिवाय तो दर वॉटला आजूबाजूच्या हवेपेक्षा सुमारे ६५ अंश जास्त तापतो, म्हणजे उन्हाळ्यात ११० च्या वर. त्याची मर्यादा १२५. छोटा यू आकाराचा अॅल्युमिनियम हीट सिंक पुरेल. कपॅसिटर इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड, दोन्ही आयसीच्या पायांना अगदी लागून. बॅटरीच्या प्लसपाशीच अर्ध्या अँपिअरचा फ्यूज हवाच. लेड-अॅसिड बॅटरी शॉर्ट झाली तर वायर पेटते आणि खोलीत माणूस झोपतो. चुकून उलटं जोडलं गेलं तरी नुकसान होऊ नये म्हणून फ्यूजनंतर १एन ४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका. कनेक्शन बॅटरीवरून घ्या, पॅनलवरून नाही, तिथे उन्हात २० च्या वर व्होल्टेज असतं. रेडिओ जोडण्याआधी त्यातले सेल काढा आणि आउटपुट मल्टिमीटरवर तपासा.

मोबाइलचं मॉड्यूल वेगळ्या वायरने थेट बॅटरीवरून न्या, रेडिओपासून लांब ठेवा. तरी खरखर आली तर रेडिओ थोडा फिरवून बघा, आतल्या फेराइट अँटेनाची दिशा बदलली की बराच फरक पडतो. तेही जमलं नाही तर मॉड्यूलच्या इनपुटला एक स्विच लावा. मोबाइल दिवसा चार्ज होईल, रात्री बाबांचा रेडिओ.