स्कूबासाठी फिन्स घ्यायचेत, फुल फूट की ओपन हील? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला) कोर्स केला (वय 43, पोहता येतं पण शाळेत मेडलं मिळवणाऱ्यातली नाही) आणि डिसेंबरात नेत्राणीला (कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं बेट) जायचं चाललंय, तर म्हटलं निदान मास्क आणि फिन्स (पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) तरी स्वतःचे घेऊ. मास्क घेतला, चेहऱ्याला बसला, विषय संपला. फिन्सपाशी गाडी अडलीये.

झालं काय, कोर्सला सेंटरचे फुल फूट फिन्स होते, बुटासारखा पाय आत घालायचा ते. माझा पंजा रुंद, त्यामुळे एका साइझला अंगठा दाबला जायचा आणि पुढच्या साइझला टाच वरखाली. दुसऱ्या दिवशी टाचेवर रुपयाएवढा फोड. चौथ्या डाइव्हला बारा-तेरा मीटरवर डाव्या पोटरीत असा गोळा आला की समोरून कासव गेलं ते मला दिसलंच नाही, बाकीचे वर आल्यावर कासव कासव करत होते. इन्स्ट्रक्टरने फिनचं टोक धरून माझ्याकडे ढकललं तेव्हा कुठे पाय सुटला.

आता ओपन हीलला (टाच उघडी, मागे पट्टा) आत निओप्रीनचे, म्हणजे मऊ फोमसारख्या रबराचे, बूट लागतात म्हणे, म्हणजे खर्च वाढला आणि पुन्हा अंदमानला गेले तर फ्लाइटच्या 15 किलोत ते पण बसवायचे, एक जण म्हणतो मधोमध चिरलेले स्प्लिट फिन्स घे पोटरीला हलके पडतात, दुसरा म्हणतो छे, जड रबराचे जेटफिन घे, आयुष्यभर टिकतात. नवरा म्हणतो भाड्याचेच वापर. बजेट आठ-दहा हजार. काय करू?

प्रतिसाद
रुंद पंजा असेल तर ओपन हीलच. बुटासकट ट्राय करा, नुसत्या पायाने घातलेत तर साइझ चुकणारच. घालून पाय हवेत जोरात हलवा, फिन पायाबरोबर हलला पाहिजे, लटपटता कामा नये, आणि आत बोटं हलवता आली पाहिजेत. पट्टा स्प्रिंगचा टाकून घ्या, हलत्या बोटीवर बकल ओढत बसायचा वैताग जातो. नेत्राणीला बोटीवरूनच उडी, तिथे फुल फूट चालून जातं, पण किनाऱ्यावरून चालत शिरायचं असेल तर बूट नसले की मेलेल्या प्रवाळाने तळवे सोलून निघतात. जेटफिन 60च्या दशकातलं डिझाइन, आजही चालतं, पण पाण्यात पाय खाली ओढतं, पातळ सूटवर नकोच. स्प्लिट साध्या वरखाली किकला हलके हे खरं, फ्रॉग किकला (बेडकासारखे पाय मारायला) मात्र पाणी धरत नाहीत. मध्यम कडक, साधं पॅडल घ्या.

दुसरा प्रतिसाद
फिन्सचं होईल हो, पण बुडायला बेल्टला शिशाची वजनं किती किलो लावली होती?

धागाकर्ती
आठ! शॉर्टी (आखूड हातापायांचा) सूट होता, माझं वजन 56.

दुसरा प्रतिसाद
मग ताई, फिन्सना कशाला बोल लावताय. आठ किलोने कंबर खाली जाते, शरीर तिरकं उभं राहतं, आणि तुम्ही पुढे जायला कमी नि वर राहायला जास्त किक मारताय. त्यात गुडघ्यातून सायकल मारत असाल तर पोटरी बोंबलणारच. किक मांडीतून यायला हवी, गुडघा जरासाच सैल. नेत्राणीला पहिल्या डाइव्हआधी वेट चेक मागून घ्या, लाजू नका. बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) रिकामं करून नेहमीचा श्वास घेऊन थांबलात तर पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं, श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. टाकी ॲल्युमिनियमची आणि भरलेली असेल तर वर दोनेक किलो धरा, शेवटी ती हलकी होते.

धागाकर्ती
अगं बाई, हे कोणी बोललंच नव्हतं, मला वाटायचं जास्त किलो म्हणजे जास्त सेफ. रविवारी दुकानात जातेय, बूट आधी घेते मग फिन्स. बूट 3 मिमीचे की 5?

प्रतिसाद
आपल्याकडच्या पाण्याला 3 भरपूर झाले. सोल जाड बघा आणि चेन असलेलेच घ्या, ओल्या पायात बिनचेनचे चढत नाहीत.