काळप्रवास आईकडून येतो की बापाकडून? (कादंबरीसाठी विचारतेय)

गिरणाकाठ: मंडळी, नववी-दहावीच्या पोरांसाठी फँटसी कादंबरी लिहायला घेतलीय. नायिका चाळीसगावची, पंधरा वर्षांची, घराण्यात काळात मागे जायची शक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. तीन प्रकरणं झाली आणि अडकले, कारण शक्ती कोणाला येते नि कोणाला नाही याचा नियमच नाहीये, मला जो आवडतो त्याला देऊन टाकतेय आणि वाचताना मलाच खोटं वाटतं. बाकी मागे जाते ती आजीच्या जुन्या घड्याळातून. चालेल ना?

केळीवाला_रावेर: घड्याळ काढ ताई आधी, सगळे तेच टाकतात.
नियमाचं म्हणशील तर आईकडून दे. पेशीत मायटोकॉन्ड्रिया म्हणून बारीक भाग असतात, त्यांचा डीएनए पोरगा असो की पोरगी, आईकडूनच येतो, पण पुढे द्यायचं काम फक्त पोरींचं. म्हणजे आजीचं मामाला आलं, आईला आलं, नायिकेला आलं, पण मामाच्या पोरांना शून्य. शेत, वाडा, ट्रॅक्टर सगळं त्यांच्या नावावर आणि ही एकच गोष्ट भाचीकडे. दिवाळीला सगळे जमले की काय होईल ते मी सांगायला नको, आमच्यात तर विहिरीच्या पाळीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं भो.

जुनं_पाटण: चाळीसगावची पोरगी आणि शेजारचं पाटण नाही? कमाल आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (तापी-पूर्णा संगमावरचे चौदाशे वर्षांचे चांगदेव महाराज वेगळे, गल्लत नको) यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे. बाप महेश्वर, मग भास्कर, मग लक्ष्मीधर, मग चांगदेव, अख्खं घराणं ग्रहगणितातलं. वारसा वारसा तो अजून काय असतो?
घड्याळाच्या जागी घटिकापात्र घे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. पोरगी तेवढीच मागे राहणार, वाटी बुडाली की परत. आणि भास्कराचार्यांच्या लेकीची, लीलावतीची दंतकथा माहितीय ना, लग्नाच्या वेळी मोती पडून भोक बुजलं आणि मुहूर्त गेला? खरीखोटी देव जाणे, अकबराच्या दरबारातल्या फैजीनं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं त्यात ती येते. हाच फैजी १५९१ मध्ये वकील म्हणून बुऱ्हाणपूरला आला होता, म्हणजे आपल्या खानदेशातच, तोही एका प्रकरणात खपेल. पण मुद्दा मोत्याचा. मोती अडकला तर वाटी बुडणारच नाही.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट: बाप रे, मग ती तिकडेच राहिली की. 😬
भाषेचं पण बघ. त्याच शिलालेखात शेवटी मराठी आहे, ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’ वगैरे, पेठेत विकायला येणाऱ्या मालावरच्या कराबद्दल. आपल्या शाळेच्या मराठीत बोलली तर कोणाला कळणार नाही. तिला आजीची अहिराणी येऊ दे, निदान पेठेतली एखादी म्हातारी ‘कोठे जाई राहिनी वं पोरी’ असं काहीतरी विचारेल आणि हिला रडू येईल.

केळीवाला_रावेर: अहिराणी तेव्हा अशीच होती कशावरून?

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट: फँटसी आहे ना भाऊ, तू डीएनए दिलास तेव्हा मी बोललो का काही?

गिरणाकाठ: भांडू नका रे 😄 घड्याळ गेलं, तिन्ही प्रकरणं नव्याने लिहितेय. आणि मोती सध्या मामाच्या पोराच्या खिशात ठेवलाय.