तुमच्या घरच्यांनी 'कट्यार' सिनेमा कसा पाहिला? (अनुभव धागा)

बाड्याजवळची
परवा आमच्या कॉलनीच्या गणपतीत साउंडवाल्या पोराने मधेच 'सूर निरागस हो' लावलं. मांडव सगळा हिंदी बोलणाऱ्यांचा, आरतीसुद्धा 'जय गणेश देवा'. मी प्रसादाची थाळी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली, पण त्या घटकेला ते माझ्या डाव्या हाताला कानटोपी घालून बसलेले होते.

'कट्यार काळजात घुसली', पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या चुरशीचा सिनेमा, २०१५च्या दिवाळीत आला, १२ नोव्हेंबरला, पाडव्याला. तो तिकडे महाराष्ट्रात. ग्वाल्हेरला मराठी सिनेमा कुठून लागायला! मग इथल्या लष्कर भागातल्या आपल्या मंडळींनी घरोघर फोन करून माणसं जमवली आणि एका रविवारी सकाळचा एकच खेळ ठरवून घेतला. अण्णांनी मूळ नाटक मुंबईला दोनदा पाहिलेलं, खाँसाहेबांच्या भूमिकेत साक्षात वसंतराव देशपांडे. त्यामुळे त्यांचं एकच, "सिनेमात गाणं बघतात, ऐकत नाहीत. मी येत नाही." शेवटी आईने काही न बोलता त्यांचा कोट काढून खुर्चीवर ठेवला, तेव्हा निघाले.

पंडितजींचं गाणं सुरू झालं. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली आणि अण्णांनी बैठकीत देतात तशी मोकळी दाद दिली, "क्या बात है!" पुढच्या रांगेतला कॉलेजचा एक मुलगा मागे वळून म्हणाला, "अंकल, शूऽ." अण्णा एकदम गप्प झाले. माझ्या पोटात कालवलं. आयुष्यभर गाण्याला दाद देत आलेला माणूस तो.

मध्यंतरात तोच मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, तुमच्या रांगेतले सगळे एकाच वेळी मान कशी हलवतात? आमच्या रांगेत कुणालाच कळत नाही." अण्णांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. उत्तरार्धात त्याचा तळहात आपल्या गुडघ्यावर धरून ठेवला. तालातल्या टाळीच्या मात्रेला बोटाने दाबायचे, खालीच्या, म्हणजे बिनटाळीच्या, मात्रेला बोट उचलायचे, सम आली की पुरा पंजा. मी पडदा सोडून त्यांचे हातच बघत होते. शेवटच्या गाण्यात अण्णांनी आपला हात काढून घेतला, तरी त्या मुलाचा पंजा बरोबर समेवर पडत होता.

घरी आल्यावर सिनेमाबद्दल एवढंच बोलले, "पोरगा लयीत पक्का आहे."

नाव विचारायचं राहिलं. तुमच्या घरी कसं झालं? विशेषतः ज्यांनी नाटक पाहिलं होतं त्यांचं. सांगा ना.

झेलमने_येणारी
वाचताना डोळे भरले गं. आमचं पुण्यात. सासूबाई आणि मी. नवरा म्हणाला तुम्ही दोघी जा. सासू-सुनेने एकत्र पाहिलेला पहिलाच सिनेमा तो, लग्नाला अकरा वर्षं होऊन. 'दिल की तपिश' सुरू असताना त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. बाहेर आल्यावर दोघीही काही बोललो नाही, रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "भेळ खायची का?" बाकीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

चुलतआजोबा
मी नाटक पाहिलेलं आहे. वय ७८. फोनवर टाइप करायला वेळ लागतो म्हणून थोडक्यात लिहितो.
पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, १९६७. अभिषेकीबुवांचं संगीत. नाट्यसंपदेची निर्मिती. पडदा वर जातो तेव्हा खाँसाहेब हवेली ताब्यात घेत असतात, पंडितजी निघून जातात. पंडितजी रंगमंचावर थोडाच वेळ, पण नाटकभर त्यांची सावली असते. सिनेमाने त्यांना अख्खा पूर्वार्ध दिला. दोस्ती, कव्वाली, दरबार. चित्र म्हणून सुंदरच. पण जे न दाखवता जाणवत होतं ते दाखवल्यावर माझ्यापुरतं कमी झालं. आणि खाँसाहेब. नाटकात त्यांचा अहंकार कळायचा, तसं त्यांचं दुःखही कळायचं. सिनेमात राग जास्त कळतो.
नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजोबा, मला दोन्ही कळलं." आता काय बोलणार.

कणसूर
@चुलतआजोबा नमस्कार काका. सादर असहमत. खाँसाहेब झालेले सचिन पिळगावकर म्हटलं की डोळ्यापुढे हसतीखेळती चित्रंच येतात, आमची अख्खी गँग त्याच तयारीने गेली होती. पहिल्या पाच मिनिटांत सगळे चिडीचूप. तो माणूस हरल्यावर मान खाली घालून बसतो ना, तिथे माझ्या शेजारचा मित्र म्हणाला, "यार, इनको एक बार तो जीतने दो." दुःख पोचलं म्हणूनच म्हणाला ना?

चुलतआजोबा
@कणसूर हे बरं सांगितलंत. त्या मित्राला माझा आशीर्वाद.

मोठीआई
शेंदराचा प्रसंग आला तेव्हा आमच्या आत्याबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या आणि मोठ्याने, "खाऊ नका हो पंडितजी!" अख्खं थिएटर मागे वळलं. पण कुणी हसलं नाही. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "मलाही तेच वाटलं." दोघींची तिथेच मैत्री झाली, आता भिशीत एकत्र आहेत 😊

पोहेजिलेबी
आत्याबाईंना साष्टांग नमस्कार 😂 आमची आजीही अशीच. टीव्हीवर लागला होता तेव्हा जाहिराती आल्या की देवघरात जाऊन घंटा वाजवून यायची, पंडितजींचा आवाज परत यावा म्हणून.

सून_पंजाबची
माझं मराठी चुकलं तर सांगा. मी लग्न करून ग्वाल्हेरला आले तेव्हा मराठी शून्य. ह्यांच्या घरी सगळे सिनेमा लॅपटॉपवर बघत होते, मी स्वयंपाकघरात होते. 'घेई छंद मकरंद' ऐकू आलं आणि मी पोळपाट तसाच सोडून बाहेर आले. शब्द एकसुद्धा कळला नव्हता. सासरे म्हणाले, "बैस बेटा." मग प्रत्येक ओळ थांबवून थांबवून समजावत गेले. तीन तासांचा सिनेमा आम्ही पाच तासांत पाहिला. पोळ्या त्या दिवशी सासऱ्यांनी बाहेरून मागवल्या.
मी मराठी शिकले ती अशी. पहिला शब्द मकरंद.

बाड्याजवळची
@सून_पंजाबची काहीही चुकलेलं नाही तुझं मराठी. सासऱ्यांना नमस्कार सांग.

तंबोऱ्याची_गवसणी
'घेई छंद' निघालंच आहे तर सांगते. एकच पद आणि त्याच्या दोन चाली, एक पंडितजींच्या वळणाची, एक खाँसाहेबांच्या. शब्द तेच, पण माणूस बदलला की गाणं बदलतं, हा सगळ्या नाटकाचा कणा आहे. मी क्लासमध्ये मुलींना घराणं म्हणजे काय हे शिकवताना दोन्ही चाली लागोपाठ ऐकवते. व्याख्या सांगावी लागत नाही.

सिनेमाने आणखी एक केलं. महेश काळेंना 'अरुणि किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्या वर्षी माझ्याकडे पाच नवीन मुली आल्या. पाचही जणी पहिल्या दिवशी म्हणाल्या, आम्हाला तेच गाणं शिकवा. म्हटलं, आधी सा लावा. दोन टिकल्या. त्यातली एक आता तानसेन समारोहाला दरवर्षी डिसेंबरात माझ्याबरोबर हजिऱ्याला, तानसेनच्या कबरीपाशी, येते, शाल पांघरून शेवटपर्यंत बसते.

हजिऱ्याचा
हजिरा म्हटलं की आलोच 🙋 तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला, आवाज गोड होतो म्हणतात म्हणून, लहानपणी कुणी कुणी खाल्लाय? आमच्या आईने मला आणि ताईला दोघांना चावायला लावला होता. ताईचा आवाज खरंच गोड आहे. मी बँकेत आहे.

कणसूर
मी खाल्लाय. नाव बघा माझं 😄

पडद्यामागे
आपण ग्वाल्हेरची माणसं हा सिनेमा पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा बघतो, असं मला मनापासून वाटतं. पंडितजींचा शिष्य सदाशिव लपूनछपून खाँसाहेबांची विद्या घ्यायला बघतो तेव्हा आमच्या काकांनी पटकन माझ्या कानात सांगितलं, "हे तर आपल्याकडेच झालंय." ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खाँ, हस्सू खाँ. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ गायचे, आणि या दोघा भावांनी पडद्याआड बसून त्यांची तानबाजी उचलली, अशी आख्यायिका आहे. पुढे भर मैफलीत अवघड तान घेताना हस्सू खाँ गेले, असंही सांगतात.

पण मला जास्त जवळची वाटते ती निसार हुसेन खाँ आणि शंकरराव पंडितांची गोष्ट. हे खाँसाहेब शंकररावांच्या घरात राहिले, ब्राह्मणाच्या वाड्यात, आणि विद्या दिली. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित, ज्यांनी १९१४ साली इथे गायनशाळा काढली. आणि वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हीच गायकी महाराष्ट्रात नेली. सिनेमात ज्या दोन घरांमध्ये कट्यार येते, ती दोन घरं आपल्या गावात एकाच छपराखाली होती. तिथे बसून हा सिनेमा बघताना घसा दाटून येतो. काकांचा आला होता, माझाही.

तंबोऱ्याची_गवसणी
@पडद्यामागे हे मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

नवा_बाजार
माझा अनुभव कडू आहे, पण लिहितो. नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात होतो तेव्हाचा. वडिलांना खास तिकडे घेऊन गेलो, त्यांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं व्हायची होती, तीन जिने चढवले. त्या थिएटरचा उजवीकडचा स्पीकर फाटलेला. साध्या संवादात कळत नव्हतं, पण तार सप्तकात आवाज गेला की खर्रर्र. नेमका शेवटच्या गाण्याला. दोनदा बाहेर जाऊन सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, "मराठी पिक्चर आहे, दहा-बारा लोक आहेत, कोण बघतंय." बघायला कोण आलंय? ऐकायला आलोत आम्ही! मी भांडणार होतो. बाबांनी हात धरून परत बसवलं आणि डाव्या कानामागे पंजा धरून, डोकं तिरकं करून गाणं पुरं ऐकलं. नंतर म्हणाले, "सूर लागलेला होता, यंत्र बेसूर होतं." अजून राग जात नाही माझा.

झेलमने_येणारी
@नवा_बाजार किती वाईट वाटलं वाचून. आता गुडघे कसे आहेत बाबांचे?

नवा_बाजार
दोन्ही बदलले. सकाळी बैजाताल पर्यंत चालत जातात. विचारल्याबद्दल आभार 🙏

लेक_दूरदेशी
आईला विस्मरणाचा आजार होता. मला ओळखत नव्हती शेवटच्या दोन वर्षांत. सुट्टीत आले होते, उगाच 'कट्यार' लावला. 'सुरत पिया की' सुरू झालं आणि ती पुढचे शब्द आधीच म्हणायला लागली. सिनेमातलं गाणं संपलं, ती म्हणतच राहिली, कारण तिला नाटकातलं येत होतं, रेडिओवर पाठ झालेलं. मी टीव्ही बंद केला. तिचंच ऐकलं.
एवढंच. जास्त लिहवत नाही.

बाड्याजवळची
@लेक_दूरदेशी 🙏 मिठी.

मोठीआई
@लेक_दूरदेशी बाळा, नशीबवान आहेस. ते तुझ्यापाशी राहिलं.

पोहेजिलेबी
विषय थोडा बदलू का? २०२५च्या जानेवारीत आलेला 'संगीत मानापमान' कुणी पाहिला? १० जानेवारीचा, 'कट्यार'वाल्या सुबोध भावेंचाच. १९११चं खाडिलकरांचं नाटक. आमच्याकडे पणजोबांपासून भामिनी-धैर्यधराच्या गोष्टी चालत आल्यात, त्यामुळे मामा वही घेऊन गेले होते, कुठली पदं घेतली ते लिहायला. अंधारात लिहिलेलं बाहेर आल्यावर कुणालाच वाचता येईना 😅

चुलतआजोबा
मामांना सांगा, पदं लिहू नयेत, मोजू नयेत. मी 'कट्यार'च्या वेळी तीच चूक केली. काय गाळलं ते मोजत बसलो आणि राहुल देशपांडेंचा आवाज आल्यावर जागा झालो. त्यांच्या आजोबांचा, वसंतरावांचा, दाणेदारपणा नातवात उतरलेला. डोळे मिटले तर माझं वय तिशीचं होतं. मोजण्यात माझा निम्मा सिनेमा गेला. दुसऱ्यांदा नातवाबरोबर पाहिला तेव्हा फक्त ऐकला.

कणसूर
काका, तुमच्या नातवाबरोबर तिसऱ्यांदा बघा आणि मला बोलवा. गजक मी आणतो.

चुलतआजोबा
मुरैन्याची आणा. तिळाची, खुसखुशीत. दात माझे आहेत अजून.

हजिऱ्याचा
गजक थंडी पडू दे मग. आत्ताच्या दमटात चिकट लागते.

तंबोऱ्याची_गवसणी
@बाड्याजवळची एक विचारायचं होतं. अण्णांचा तंबोरा होता ना तुमच्याकडे? वापरात आहे का? माझ्या त्या हजिऱ्याला येणाऱ्या मुलीला घरी रियाजाला नाही, ॲपवर करते.

बाड्याजवळची
आहे. माळ्यावर, गवसणीत. दोन तारा तुटल्यात, एक खुंटी सैल आहे. जव्हारी बघून घ्यावी लागेल. भोपळा शाबूत आहे, सकाळीच हात लावून पाहिला. रविवारी दहानंतर या दोघी, मी उतरवून पुसून ठेवते. चहा घेऊनच जायचं.

तंबोऱ्याची_गवसणी
तारा मी आणते. जीवाजीगंजला उतरून पुढे कसं यायचं?

बाड्याजवळची
टेम्पोवाल्याला दत्तमंदिर सांगा. तिथून फोन करा, मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते.