गाडीतल्या जादा बॅटरीवर रात्रभर पंखे चालतील का?

प्रश्न (कोल्हापूर): व्हॅनमध्ये झोपण्यासाठी १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) १२ व्होल्ट लेड-ॲसिड बॅटरी वेगळी बसवली आहे. कॉम्प्युटरचे १२० मिमीचे दोन पंखे लावायचे आहेत, प्रत्येकी ०.२ अँपिअर. बॅटरी सकाळपर्यंत टिकेल का? थेट जोडले तर चालतील का?

उत्तर १: भावा, हिशोब कर. दोन्ही मिळून ०.४ अँपिअर, म्हणजे १० तासांत ४ एएच. निम्मी बॅटरी राखून ठेवलीस तरी ५० एएच हाताशी आहेत. पंखे समांतर जोड. एकामागे एक जोडलेस तर प्रत्येकाला निम्माच दाब (व्होल्टेज) मिळेल.

उत्तर २: खरी अडचण चार्जिंगची आहे. तेव्हा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो, पंखा जोरात फिरतो, आवाज करतो आणि बेअरिंग लवकर झिजतं. मध्ये १२ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (जादा दाब कमी करणारं सर्किट) घाला. आणि २ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. पंख्याजवळ लावलेला फ्यूज मधली वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर काहीच वाचवत नाही. वायर १ चौरस मिमी पुरते, पण पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून भोकाचं कडं) घालाच.

उत्तर ३: एक पंखा खाली, सावलीच्या बाजूनं हवा आत घेणारा, दुसरा छताजवळ बाहेर फेकणारा. चौकटीवरचा बाण हवेची दिशा दाखवतो. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, त्यामुळे बाहेरच्या झाकणाचं तोंड खालीच ठेवा. बारीक मच्छरजाळी हवा बरीच अडवते; ती पंख्याला चिकटवू नका, मोठ्या चौकटीवर ताणा.

प्रश्नकर्ता: बक कन्व्हर्टर रात्री किती खातो?

उत्तर २: बिनलोडचे, म्हणजे पंखे बंद असताना, काही मिलिअँपिअर. तरी स्विच त्याच्या आधी, बॅटरीच्या बाजूला लावा.