कार्ल्सरुहेला लेकीकडे तीन महिने: दिवसभर करायचं काय?

तळजाईकर

नमस्कार मंडळी.

लेक-जावई जर्मनीत कार्ल्सरुहेला असतात. तीन वर्षं "या, या" चाललं होतं, आता एकदाचं जमवलं. १ एप्रिलला पहाटे मुंबईहून विमान, ३० जूनला परत. तिकिटं काढून झाली, व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी आहे. मी ६६, आमचे हे ७१, आणि यांचा उजवा गुडघा जिना दिसला की कुरकुरायला लागतो.

सामानाचं मी बघून घेईन, चाळीस वर्षं संसार केलाय. अडचण वेगळीच आहे. दोघंही सकाळी साडेसातला घराबाहेर पडतात ते संध्याकाळी सहाला उगवतात. मधले दहा तास आम्ही काय करायचं? इथे पुण्यात मला सकाळी तळजाईची टेकडी, येताना भाजी, मंगळवार-शुक्रवार भजनी मंडळ, संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बायकांची बैठक. दिवस कधी संपतो कळत नाही. आमच्या मजल्यावरच्या एक बाई मुलाकडे जाऊन आल्या, त्या म्हणाल्या, "सोन्याचा पिंजरा गं, मी तीन महिने खिडक्या पुसल्या." तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

जर्मन येत नाही. इंग्रजी वाचता येतं, बोलायची वेळ आली की ततपप होतं. जावई म्हणतात शनिवार-रविवार फिरवू. पण सगळे शनिवार-रविवार आम्हालाच दिले तर त्या दोघांनी धुणं कधी धुवायचं आणि झोपायचं कधी? आम्हा दोघांनाच, वाट न चुकता, गुडघा सांभाळून, कुठे जाता येईल का? आणि दर वेळी लेकीच्या खिशाला चाट न लावता?

खडकीबाजार

ताई, आधी बोटं मोजा. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०. झाले ९१. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो त्यावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि उतरल्याचा दिवसही धरतात, निघाल्याचाही. "तीन महिने" हा आपला घरगुती हिशेब. आता तिथे शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात आणि दिवस संगणक मोजतो. संगणकाशी हुज्जत घालता येत नाही, हे मी पुणेकर असून सांगतोय. तुमचा ९०वा दिवस २९ जून. विमान लांबलं-बिंबलं तर हाताशी एक दिवस असावा, म्हणून २८ धरा. मंगळवारच्या आत तिकीट बदला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मी खडकीला कारखान्यात ३६ वर्षं काढली. मुलगा कार्ल्सरुहेलाच असतो, गेल्या उन्हाळ्यात ८४ दिवस राहून आलो. पहिले अकरा दिवस खिडकीत बसून काढले. समोरची बाई कुत्र्याला किती वाजता बाहेर नेते ते पाठ झालं. बाराव्या दिवशी सौ. म्हणाली, "एक तर तुम्ही बाहेर जा, नाही तर मी जाते."

मग मुलाने मोबाइलवर डॉइशलांड-तिकीट काढून दिलं. महिन्याला सध्या ६३ युरो. त्यात देशभरच्या ट्राम, बस, लोकल आणि जवळच्या पल्ल्याच्या सगळ्या गाड्या. पांढऱ्या वेगवान आयसीईत मात्र चढायचं नाही. तिकीट ज्याच्या नावावर त्याचंच, म्हणजे तुम्हाला दोन लागतील. आणि ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. विसरलात तर तुम्ही तळजाईवर चालत असाल आणि जुलैचे पैसे लेकीच्या खात्यातून जात असतील. तिला रुपयांत आधीच देऊन टाका. नको म्हणेल, तरी द्या. आपण पैसे दिलेत म्हटल्यावर घरात बसवत नाही, हा स्वानुभव.

पहिले आठ दिवस लांब जाऊच नका. रोज एकच ट्राम, शेवटच्या थांब्यापर्यंत, आणि त्याच ट्रामने परत. थांब्यांची नावं वहीत देवनागरीत लिहायची. हे गाव चुकायला अवघड आहे. १७१५ साली राजाने आधी वाडा बांधायला घेतला आणि त्याच्या मनोऱ्यापासून ३२ रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे आखले. वाट चुकलं की मनोरा शोधायचा. (आपल्या शनिवारवाड्याचा पाया १७३० चा. म्हणजे हा पंधरा वर्षांनी थोरला. पण आपल्याकडे वाडा आधी की रस्ता आधी, हे कुणी विचारूच नये.) वाड्यामागची बाग सपाट आहे, बाकं भरपूर. गुडघ्याला तळजाईपेक्षा सोपी.

माझ्या दोन फजित्या सांगतो, म्हणजे तुमच्या वाचतील. पहिल्यांदा एकटा दुकानात गेलो तेव्हा "क्लासिक" लिहिलेलं पाणी उचललं. नाव बरं वाटलं. सहा बाटल्या खांद्यावरून घरी आणल्या, तर सगळा सोडा! नळाचं पाणी तिथे पिण्याचंच असतं, हे मुलाने नंतर सांगितलं. तो सोडा आम्ही आठ दिवस लिंबू पिळून संपवला. दुसरी याच बाटल्यांची. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की २५ सेंट परत मिळतात. आपल्याकडे बाटलीवरच लिहिलेलं असतं, वापरून झाली की चेपून टाका. मी शहाण्यासारखा सहाच्या सहा पायाखाली चेपून नेल्या. यंत्र एकही घेईना. मागे रांग. एक शाळकरी पोरगा पुढे आला, त्याने एक बाटली तोंडाने फुंकून फुगवली आणि यंत्रात सरकवली. घेतली! मग आम्ही दोघांनी मिळून बाकीच्या फुगवल्या. दीड युरो आले. मी त्याला अर्धे देऊ केले, तर लाजून पळाला. भाषा लागली नाही बघा.

आता लांबचं. एकच प्रवास करायचा असेल तर कार्ल्सरुहे ते कोन्स्टान्स करा. थेट गाडी, सुमारे तीन तास, त्याच तिकिटात. मध्ये ब्लॅक फॉरेस्टचा घाट लागतो, एकामागून एक बोगदे. हा मार्ग १८७३ मध्ये पुरा झाला, आपला बोरघाट १८६३ चा. मी हे मुलाला मुद्दाम ऐकवलं. आपल्या घाटात पावसाळ्यात जी मजा ती तिथे नाही, पण गाडी वेटोळी घेत चढते तेव्हा मघाशी मागे टाकलेले रूळ खाली दरीत दिसतात. कोन्स्टान्सला स्टेशनासमोरच बोडनझे तलाव, पलीकडे स्वित्झर्लंडचे डोंगर. डबा काठावर खाल्ला. वाटेत ट्रीबर्गला धबधबा आहे, १६३ मीटर म्हणतात, पण तो टप्प्याटप्प्याने आणि चढून बघायचा. गुडघेवाल्यांनी गाडीतून नमस्कार करावा.

दुसरं, स्ट्रासबुर्ग. केल नावाच्या गावी उतरायचं आणि चक्क ट्रामने ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समध्ये जायचं. ही ट्राम २०१७ पासून आहे. स्वारगेटहून कात्रजला जावं तसे आम्ही परदेशातून परदेशात गेलो. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, परत येताना जर्मन पोलीस तपासू शकतात.

नेकारकाठची

काकू, मी हायडेलबर्गला असते, मूळची सहकारनगरची, म्हणजे तळजाई माझीही. मी दुसऱ्या बाजूने सांगते. आई-बाबा आले होते तेव्हा ऑफिसातून घरी यायची मला भीती वाटायची. दार उघडलं की दोघं सोफ्यावर, हातात काही नाही, माझी वाट बघत. आई तोवर तीन भाज्या करून ठेवायची. मला त्या जेवताना अपराधी वाटायचं. ज्या दिवशी आई स्वतःहून तुर्की दुकानात जाऊन कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन आली आणि दुकानदाराने "आंटी" म्हटलं म्हणून फुशारली, त्या दिवशी मी पहिल्यांदा निवांत जेवले. तेव्हा तुमच्या मुलीला तुम्ही घरी नसलेल्याच आवडाल!

सामानाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी तीन गोष्टी. दुधाचं काहीही आणू नका. पेढे, बर्फी, साजूक तूप, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे नि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आंबे आणि ताजा कढीपत्ताही नाही. ताज्या फळांत सूट पाचांनाच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. (ड्युरियन तुम्ही आणणार नाही हे गृहीत धरते.) मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुरडया बिनधास्त आणा. चक्का करायची गरज नाही, इथे क्वार्क मिळतं, साखर-वेलची घालून फेटलं की श्रीखंड.

अॅल्युमिनियमचा कुकर आणताय? आधी शेगडी कुठली ते विचारा. इंडक्शनवर तो तापतच नाही. आणि फोडणी देताना खिडकी उघडा, छताला धुराचा अलार्म असतो. माझ्या आईने लसणाची फोडणी दिली आणि तो असा केकाटला की वरचे आजोबा अनवाणी खाली आले. आईने त्यांना आमटी दिली. मग ते दर गुरुवारी चौकशीला यायचे.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी आणून ठेवा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, बाबांची झोपेची वेळ पार बिघडली होती. औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण तो अचानकच्या दुखण्याला. जुन्या गुडघ्यासाठी धरून चालू नका.

गॅलरीतून

बाकी सगळं झालं. गच्चीच्या पन्हाळीत पानं अडकलीत का ते मार्चमध्येच बघून घ्या. आम्ही जूनच्या शेवटी परत आलो तेव्हा हॉलमध्ये चपला तरंगत होत्या. आणि किल्ली शेजारी द्या, नातेवाईकांकडे नको. नातेवाईक राहायला येतात.

तळजाईकर

खडकीबाजार, तुमचे उपकार कसे फेडू. आमच्याकडे चार सुशिक्षित माणसं, एक जावई इंजिनिअर, आणि ९१ कुणीच मोजले नाहीत. काल तिकीट बदललं, २८ जून. बदलायचे जे पैसे घेतले त्यात आमच्या मंडळाची अख्खी आळंदी झाली असती. जाऊ दे.

अगं नेकारकाठची, तुझं वाचून लेकीला फोन लावला. पुण्यात रात्रीचे साडेनऊ, तिकडे ऑफिस सुटायची वेळ. म्हटलं, आम्ही दिवसा घरी नसलो तर चालेल का? आधी गप्पच झाली. मग म्हणाली, "आई, मी हे तुला कसं सांगू याच विचारात होते." शेगडी इंडक्शनचीच निघाली. स्टीलचा कुकर घ्यायला उद्या तुळशीबागेत जातेय. गॅलरीतून, पन्हाळीचं आमच्या वॉचमनला सांगितलंय.

यांनी एकच विचारायला सांगितलंय. त्या कोन्स्टान्सच्या गाडीत तीन तास, तर शौचालय असतं ना?

खडकीबाजार

असतं. गाडी दुमजली आहे, पूर्वी सिंहगड एक्स्प्रेसला डबे होते तशी. त्यांना सांगा, सौ. वर बसू म्हणतील, तुम्ही खालीच बसा. जिना आहे.