जळके खोड आणि हिरवा मुलामा

जंगलतोडीवरची कलाकृती अखेर भिंतीची शोभाच ठरते, हे मत मला अर्धेच पटते. पोलंडमध्ये जन्मलेले ब्राझीलचे शिल्पकार फ्रान्स क्रायत्सबेर्ग (१९२१–२०१७) यांनी वणव्यात जळालेली खोडे आणि मुळे गोळा करून त्यांना नैसर्गिक रंग देत शिल्पे उभारली; तेथे माध्यम हाच पुरावा असल्यामुळे शोभेपेक्षा साक्ष ठळक होते. ग्रीनवॉशिंगचे, म्हणजे पर्यावरणस्नेही असल्याच्या कंपन्यांच्या खोट्या दाव्यांचे, मात्र तसे नाही, कारण खोट्या दाव्याला जळका वास नसतो. म्हणून कंपन्यांचीच हिरव्या पानांनी सजलेली वेष्टने आणि जाहिराती कापून कोलाजमध्ये जळक्या लाकडाच्या कोळशाशेजारी चिकटवावीत, असे मला वाटते. अर्थात त्या कोलाजखाली आधाराला नवे कोरे प्लायवूड असेल (आणि बहुधा असतेच), तर आधी त्याच्या लाकडाचा उगम विचारावा लागेल.